सड्यावरच्या नळीचा तळ

"हळू सोड रे, ओळंबा आपटू नकोस," देवकी पुटपुटली.

रंगाच्या कारखान्याच्या कुंपणाबाहेर, काजूच्या झाडाखाली जमिनीतून एक निळी नळी वर आली होती. तिच्यात शंभू दोरी सोडत होता. दोरीच्या टोकाचा पितळी ओळंबा त्याच्या बापाचा. बाप बेळगावकडचा गवंडी, भिंत सरळ आहे की नाही ते या ओळंब्यानं बघायचा. देवकीचा चुलतभाऊ साईश गेटकडे कान लावून होता. राखणदाराचं घोरणं चालू होतं तोवर काळजी नव्हती.

काळजी घरी होती. देवकीच्या बांयचं, म्हणजे विहिरीचं, पाणी महिन्याभरापासून रॉकेलसारखं उग्र वास मारत होतं. अख्खा वाडा, सगळी वस्ती, तिथलंच पाणी प्यायचा. कारखान्याचे अविनाशसाहेब पंचायतीत गेले आणि छाती पुढे काढून सांगून आले की दोष देवकीच्या बाबांच्या, जयवंतच्या, संडासाच्या खड्ड्याचा. पंचायतीनं ना बघितलं ना विचारलं, आठ दिवसांत संडास पाडायची नोटीस दारावर डकवली. शेजारची अनुसया तर रस्त्यातच ओरडली होती, "आमच्या पोरांक घाण पाजता!" तेव्हापासून बाबा खाली मान घालून बाजारात जात होते.

पण देवकीच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळत होता. दरवर्षी मेमध्ये बाबा बांय उपसायचे. साठलेलं सगळं पाणी काढून टाकायचं आणि नवं झरताना बघायचं. परवा त्यांनी उपसली, तेव्हा काळपट पाणी पूर्वेच्या चिऱ्यातून पाझरलं. पूर्वेला सडा, म्हणजे कातळाचं उंच पठार, सड्यावर कारखाना. संडास पश्चिमेला.

"म्हणजे आमची घाण घराला प्रदक्षिणा घालून बांयत पडते," साईश म्हणाला होता. "भारी भाविक घाण आहे."

अविनाशसाहेबांचं उत्तर तयार होतं. कारखाना आणि बांय यांच्या मधोमध तपासणीची नळी आहे आणि तिचं पाणी दर तीन महिन्यांनी स्वच्छ निघतं. तीच ही नळी.

दोरी ओली होऊन वर आली. पाणी जेमतेम एका वावावर, हात पसरल्याएवढ्या अंतरावर. खालच्या बांयत ते सहा वाव खोल होतं, मग उंच सड्यावर इतक्या वर कसं? शंभूनं ओळंबा पुन्हा सोडला. टण्ण!

"दगड?" साईशनं विचारलं.

शंभूनं मान हलवली. "सिमेंट. मला आवाज कळतो."

घोरणं थांबलं. तिघं काजूंतून जे पळाले ते थेट व्हाळापाशी, ओढ्याच्या काठी थांबले. साईश लगेच सरपंचांकडे निघाला होता, देवकीनं त्याला धरलं. मोठ्या माणसांना पोरांचं सांगितलेलं पटत नाही, त्यांना दाखवावं लागतं.

जयवंतनं तक्रार केली होती, म्हणून दोन दिवसांनी सरकारी प्रयोगशाळेच्या दीपा मॅडम नमुना घ्यायला आल्या. सरपंच रामचंद्र आले, नळीभोवती वाडा जमला. अविनाशसाहेबांनी लगबगीनं बाटली पुढे केली. "नळी सकाळीच उपसून ठेवलीय, मॅडम. भरा आणि सावलीत चला."

देवकी पुढे झाली. "आम्ही बांय उपसतो ती सगळ्यांसमोर. हीसुद्धा आत्ता उपसा."

"बाय, हो पोरांचो खेळ न्हय," सरपंच गुरगुरले.

"खेळ नाही, नियम आहे," दीपा मॅडम म्हणाल्या. "साचलेलं पाणी आधी काढायचं, ते माझ्यासमोर. नवं येईल ते जमिनीचं खरं पाणी."

त्यांनी लांबट नळकांडं आत सोडलं आणि पाणी वर काढू लागल्या. नवव्या खेपेला ते कोरडं आलं. अर्धा तास सगळे उन्हात थांबले. थेंब झरला नाही. अविनाशसाहेब म्हणाले, उन्हाळा आहे, झरे आटतात. मग मघाचं पाणी कुठलं, असं मॅडमनी विचारलं. साहेब रुमाल शोधू लागले.

शंभूनं नळीत बॅटरी मारली. "तळ बांधून बंद केलाय, मॅडम. वरून पाणी ओतलं की झालं. आणि कामही गलिच्छ आहे, माझ्या बाबानं असलं केलं असतं तर आजीनं जेवायला वाढलं नसतं."

मॅडमनी कारखान्यामागचा सांडपाण्याचा खड्डा उघडायला लावला. खाली अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटून लोंबत होता आणि रंगाचा काळा गाळ सरळ जमिनीत मुरत होता. वरच्या झाकणावर लिहिलं होतं, सुरक्षित.

खड्ड्यातला गाळ आणि बांयच्या पूर्वेच्या चिऱ्यातलं पाणी, दोन्हींचे नमुने मॅडमनी सील केले. आठवड्यानं अहवाल आला. दोन्हींत एकच विष. कारखान्याला टाळं लागलं, नोटीस रद्द झाली. दीपा मॅडमनी सरपंचांना फोनवर सांगितलं की उपशाचा नियम त्या कॉलेजात शिकल्या, ही पोरगी तो घरात शिकली.

सरपंच हार घेऊन आले. "शाबास! ग्रामसभेत तिघांचा सत्कार करतो."

"सत्कार नंतर करा," देवकी म्हणाली. "आज प्यायचं काय?"

सरपंचांनी हार बाजूला ठेवला आणि टँकरला फोन लावला. संध्याकाळी टँकर आला तेव्हा रांगेत अनुसया पहिली होती. जयवंत शेवटी उभे होते, अजून खालीच बघत. अनुसयेनं आपली कळशी उचलली, बाजूला घेतली. तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

"जयवंता, पयलीं तूं भर."