कुसळांची पेंढी

पौषातल्या पहाटे, कोरांटगडाच्या माचीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं, तोच गवत आणायला गेलेल्या कहीतली, चाऱ्याच्या टोळीतली, एक घोडी एकटीच दरवाज्याशी येऊन उभी राहिली. पाठीवर पेंढ्या होत्या. पेंढ्यांवर रक्त होतं. पागेचा नाईक सिदोजी याने तिच्या मानेवर हात ठेवला आणि त्याला कळलं. त्याची बायको गोजरा कहीबरोबर होती.

गनीम पायथ्याशी उतरला होता. उन्हाळ्याआधी चारा साठला नाही, तर बालेकिल्ल्यातली पागा उभ्या उभ्या मरणार होती. म्हणून कार्तिकापासून गोजरा बायामाणसं घेऊन गवत कापत होती, आणि माचीवर गंजी उभ्या राहिल्या होत्या. पेंढी दगडावर झोडून कुसळं पाडल्याशिवाय ती कोणाला बांधू देत नसे. कुसळ जिभेत रुतलं की घोडा चारा सोडतो.

ऊन चढल्यावर कहीचा शिलेदार येमाजी वर आला. मागे लादलेली तट्टं आणि कांबळी पांघरलेली माणसं.

"खिंडीत घात झाला, हवालदारसाहेब! एवढेच वाचलो. पण चारा टाकला नाही."

"शाबास, येमाजीराव!" गडाचे हवालदार खंडोजी यांनी बालेकिल्ल्याच्या दरवाज्यातूनच हुकूम देऊन माचीचा बाहेरचा दरवाजा उघडवला. तट्टं गंजींमध्ये शिरली.

सिदोजी पुढे झाला. "माझी गोजरा?"

"गेली, नाईक. या पेंढ्या तिनंच बांधलेल्या. शेवटपर्यंत हात थांबला नाही बघ तिचा."

सिदोजीने एका पेंढीवर हात फिरवला. तळव्यात कुसळं भसकन घुसली. त्याने हात तसाच आत खुपसला. बोटांना तलवारीची मूठ लागली.

"हवालदारसाहेब, बालेकिल्ल्याचा दरवाजा लावा! गनीम आहे!"

"तू बाहेर आहेस, सिदोजी!"

"गवतही बाहेरच आहे. लावा!"

अडसर पडला. पेंढ्या फुटल्या, तलवारी निघाल्या. पहारेकऱ्यांची शेकोटी अजून धुमसत होती. सिदोजीने तिच्यातलं जळतं लाकूड उचललं आणि गोजराने रचलेल्या पहिल्या गंजीसमोर तो क्षणभर थांबला. मग लाकूड गंजीत खुपसलं.

वाळलेलं गवत भडकलं. वाऱ्याने आग गंजीवरून गंजीवर गेली. बिथरलेली तट्टं बाहेरच्या दरवाज्यात अडकून पडली आणि पळायची वाट बंद झाली. कांबळी पेटलेली माणसं कड्याकडे धावली, काही तशीच खाली गेली. येमाजीने सिदोजीच्या खांद्यावर वार केला. सिदोजीने डाव्या हाताने त्याची मान धरली आणि उजव्या हाताने कमरेचा गवत कापायचा विळा काढून गळ्यावर ओढला.

"तिनं बांधलेली पेंढी अशी नसते," तो म्हणाला. ऐकायला येमाजी उरला नव्हता.

गड वाचला. भाजलेल्या सिदोजीला हवालदारांनी स्वतःच्या हातातला सोन्याचा तोडा दिला. त्याने तो परत केला.

"मला खिंडीत जाऊ द्या, धनी."

"खिंडीवर गनिमाची चौकी बसलीय, सिदोजी. आता एक माणूस गमावणं परवडायचं नाही."

पागेत घोडे रिकाम्या गव्हाणी चाटत होते. कड्यावरच्या कपारीत थोडं गवत उभं होतं. दुसऱ्या दिवशी सिदोजी दोर बांधून उतरला, कापलं, दगडावर झोडलं आणि मगच बांधलं.

पौष सरला. खिंडीतली चौकी उठली नाही. सिदोजीने माचीवर कितीतरी जणांना आग लावली होती. खिंडीत पडलेल्या गोजराला अजून अग्नी दिलेला नव्हता.