बिननावाची फाइल

"दाक्षा, धागा धरून ठेव गं. सुटला की मागात हरवतो. मग मी गाठ कशाशी मारू?"

मागावर बसलेल्या वडिलांचा, अप्पांचा, हा आवाज. तेव्हा दाक्षायणी आठ वर्षांची होती. अप्पा जाऊन आता दोन वर्षं झाली. घराला कुलूप तीच लावायची, तीच उघडायची. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ती संगणकावर नक्षी काढे, आणि "हो" नि "झालं" यापलीकडे तिला दिवसभर बोलावं लागत नसे.

अमरेश आला तो एका चुकीपायी. नक्षीचा प्रोग्राम त्याचाच. एका बुधवारी दाक्षायणीनं आणि शेजारच्या शिवराजनं एकाच क्षणी बटण दाबलं, नि मागावरून टॉवेल उतरला तो अर्धी तिची डाळिंबाची फुलं आणि अर्धे त्याचे चौकोन घेऊन.

त्याच दुपारी तो दुधनीहून मोटारसायकलवर आला, अंगावर वाटेची धूळ.

"ही करामत कुणाची?" त्यानं टॉवेल उलगडला.

"तुमचीच की, सर," दाक्षायणी म्हणाली. "आम्ही आपापलं नीटच काढलं होतं."

तो हसला... मग ओशाळला. "काम चालू असताना प्रोग्राम एक तात्पुरती फाइल करतो. तिचं नाव मी घड्याळातल्या वेळेवरून ठेवायचो. नाव मोकळं आहे का ते आधी बघायचं, मग फाइल करायची. त्या दोन्हींच्या मधे पापणीएवढी फट राहिली. दोघांनाही नाव मोकळं दिसलं, दोघंही एकाच फाइलीत लिहीत बसलात."

"म्हणजे रेल्वेत जागा बघायची, आणि रुमाल न टाकताच पाणी आणायला जायचं."

"व्हय. अगदी तसंच."

"मग टाका की रुमाल."

"टाकतोय. कर्नेल म्हणून संगणकाच्या पोटात एक कारभारी असतो. बघणं आणि घेणं तो एका दमात करतो, मधे कुणी शिरत नाही. नाव स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामच्या भाषेबरोबर मिळणारा तयार कोड, काढून देईल, कुणाला अंदाज येणार नाही असं."

काम त्याच दिवशी संपलं होतं. तरी तो पुढच्या बुधवारी आला. त्याच्या पुढच्याही... काहीतरी तपासायचं म्हणून. ती त्याचा चहा बशीनं झाकून ठेवू लागली. एकदा माउसवर बोटाला बोट लागलं. दोघंही पडद्याकडेच बघत राहिली. उरलेले दिवस मात्र आणखी लांबले. मागांच्या खडखडाटात, कुणाला ऐकू जाणार नाही असं, ती गुणगुणायची —

सहा वार सुने बाई, सातव्याची वाट पाही
दुधनीच्या धुळीवाचून अंगणाला रंग नाही

अकराव्या बुधवारी तो उभ्या उभ्याच म्हणाला, "हे शेवटचं. परवा पुण्याला जातोय, नोकरीवर."

तिनं बशी उचलली, परत ठेवली. "आज काय दुरुस्त केलंत?"

"आता फाइलीला नावच नाही. फोल्डरमध्ये ती दिसत नाही. ज्यानं उघडून धरली, त्याच्यापुरती असते."

"आणि त्यानं सोडली तर?"

"कर्नेल पुसून टाकतो. मागं काही राहत नाही."

"ठेवायचीच असली तर?"

"तर हातात आहे तोवर नाव द्यायचं. सोडल्यावर नाही देता येत."

हेल्मेट उचलताना त्यानं कोपऱ्यातला तो बिघडलेला टॉवेल घेतला. "हा नेऊ?"

"खराब आहे तो."

"असू दे. मला लई आवडतो."

तो दाराकडे वळला. टॉवेलचं एक टोक जमिनीवर लोळत होतं, फुलांच्या बाजूचं. खाली माग धडधडत होते, आणि त्यातूनही तिला अप्पा ऐकू आले. तिनं वाकून ते टोक उचललं. कापड दोघांमध्ये ताणलं गेलं.

"सोडा की," तो हळूच म्हणाला. मागं वळला मात्र नाही.

"नाही सोडत."

अकरा बुधवार तिनं त्याला 'सर' म्हटलं होतं. त्याचं नाव कधी ओठांवर आलं नव्हतं, एकटीच्या घरातसुद्धा.

"अमरेश," ती म्हणाली, "बुधवार सोडला तर मी कुणाशी बोलत नाही. पुण्याला जायचं तर जा. पण मला तुम्ही हवे आहात... एवढं ऐकून जा."