बॉयलरचं ठिगळ

येरमाळ्याच्या जिनिंगात कापसाचा हंगाम दसऱ्याला सुरू व्हायचा. त्याआधी बॉयलर तपासायचा, खंडेनवमीला त्याची पूजा करायची आणि मग जाळ घालायचा, अशी रीत. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला, त्याच्या दुसऱ्या वर्षी तपासायला शब्बीर आला. हैदराबादेत शिकून इंजिनिअर झालेला, पण गावाला तो पाशामियाँचा शब्बीरच. दोन बोटं मशीनला देऊन बसलेले पाशामियाँ ह्याच जिनिंगात बॉयलरवर होते. आधीचा बॉयलर फुटला तेव्हा त्यांनी सगळ्यांना बाहेर हाकललं आणि वाफ सोडायला स्वतः मागं राहिले. हमिदाबीला नवऱ्याचं तोंडसुद्धा कुणी बघू दिलं नाही. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता जाळ धोंडप्पा घालणार होता. धोंडप्पा म्हणजे पाशामियाँचा जोडीदार, अब्बा गेल्यावर शब्बीरच्या पाठीवर हात ठेवणारा. त्याच्या बायकोवर, लक्ष्मम्मावर, आपल्या अम्मीसारखी पाळी येऊ नये, एवढंच शब्बीरचं मागणं. म्हणून तो डोळ्यांत तेल घालून तपासत होता.

त्याची पद्धत न्यारी. अख्ख्या बॉयलरवर त्यानं खडूनं चौकोन आखले.

"काका, एवढं मोठं लोखंड एकदम कळत नसतंय," तो म्हणाला. "त्याचे तुकडे करायचे अन् एकेकाला विचारायचं, बाबा, तुझ्यावर ओझं किती? शेजाऱ्याला देतोस किती? सगळ्यांचा हिशेब जुळला की कळतंय, कुठं फुटणार ते."

"आन् न्हाय जुळला तर?" धोंडप्पा हसला. "लोखंडाच्या पंचायतीत भांडण म्हणायचं!"

भांडणच निघालं. पत्र्याची जाडी, वाफेचा दाब, सगळं मांडलं की गणित पोटाजवळच्या एका चौकोनापाशी अडायचं. त्याच्या आसपासचे चौकोन इतके झिजलेले, की गेल्या हंगामातच फाटायला हवे होते. फाटले नव्हते. त्यांचा सगळा भार तो एकटा चौकोन ओढून घेतोय, असं धरलं तरच हिशेब जुळायचा. आणि एवढा भार कुठल्याच लोखंडाला पेलत नाही. शब्बीरनं आकडे खोडले, पुन्हा मांडले. उत्तर तेच.

त्यानं उठून त्या चौकोनाला हात लावला. बॉयलर उन्हाळ्यापासून विझलेला, सगळा गार. तो चौकोन मात्र उबदार होता. अंगात कसर असलेल्या माणसाच्या पाठीसारखा.

"ऊन लागलं असंल," धोंडप्पा म्हणाला.

शेडात ऊन येत नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

त्या जागी शेंदराचा बोटभर जाड थर होता. "इथंच का हो एवढा शेंदूर?" शब्बीरनं विचारलं.

धोंडप्पानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला. "दर खंडेनवमीला म्याच लावतो. हे ठिगळ हाय, बाळा. आण्णासायबांनी हा बॉयलर जुना घेतला, त्याला भोक होतं. मग फुटलेल्या बॉयलरचा धड तुकडा कापून हितं बसवला. तुझ्या अब्बाच्या बॉयलरचा. दुसरीकडं कशाला लावू म्या शेंदूर?"

मायेनं लावलेला शेंदूर तो. त्याच्याखाली काय झालंय, हे बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. देवाचा शेंदूर कोण खरवडतो? शब्बीरनं खरवडला. खाली एकही रिव्हेट शाबूत नव्हती, सगळ्यांची डोकी कधीच उडालेली. ठिगळाला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. तरी इतके हंगाम तिथून थेंबभर वाफ बाहेर आली नव्हती.

मालक आण्णासाहेब आले. दसरा तोंडावर आलाय म्हणून आधी कुरकुरले. मग खाली वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काढा," ते म्हणाले.

ठिगळ निघेना. पहार घातली, घण मारले. रिव्हेटी नाहीत, तरी निघेना! शेवटी शब्बीरनं सगळ्यांना मागं सारलं. त्या उबेवर तळहात ठेवला.

"अब्बा, सगळे बाहेर आलेत. सोडा आता."

पत्रा अलगद त्याच्या हातात आला.

त्यानं आतली बाजू वर केली. पाण्याच्या क्षाराच्या पांढऱ्या थरात एक पंजा उठला होता. आतून बाहेर रेटणारा.

तीन बोटांचा.

धोंडप्पा पोरासारखा रडला.

पत्रा घरी आला. हमिदाबीनं त्या पंजावर आपला पंजा ठेवला आणि बसून राहिली. तिच्या हाताखाली ऊब हळूहळू ओसरत गेली, पत्रा गार पडला. तेव्हा ती हंबरडा फोडून रडली. त्या दिवशीचं रडायचं राहूनच गेलं होतं तिचं.

बॉयलरचे झिजलेले पत्रे सगळे बदलले. नवं, जाड लोखंड बसलं. शब्बीरनं पुन्हा चौकोन आखले. हिशेब पहिल्या झटक्यात जुळला, कुणाचा भार कुणावर नाही. जाळ घालायच्या आधी, सहज म्हणून, त्यानं त्या जागच्या नव्या पत्र्याला हात लावला.

बराच वेळ त्याला तिथून हात काढवेना.

घरी आला तर अम्मी दारात वाट बघत बसलेली. किती वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"छुट गए ना रे तेरे अब्बा?"

"हौ, अम्मी," तो म्हणाला.

त्यानं मूठ घट्ट मिटून घेतली. तळहाताला लागलेली त्या नव्या पत्र्याची ऊब अजून गेली नव्हती.