बाबांचं झाड

आमच्याकडे माणूस आपलं झाड जिवंतपणीच निवडून ठेवतो. तो मेला की त्याच खोडाची पेटी कोरायची, त्याला आत निजवायचं आणि पेटी जंगलातल्या छपराखाली ठेवायची. माझे बाबा तोलो गावात सगळ्यांत उंच. त्यांनी निवडलेलं झाड बघून भल्याभल्यांचा जळफळाट व्हायचा.

ते गेले त्या दुपारी मी आणि माझा आतेभाऊ वेलुंजारा कुऱ्हाडी घेऊन निघालो. थंडीचे दिवस होते. पानांवरून पाणी ठिबकत होतं, कुजक्या पाल्याचा वास येत होता. रोजचंच सगळं.

घाव घालण्याआधी झाडावर उसाची दारू शिंपडायची, मोठ्यानं परवानगी मागायची आणि थांबायचं. आत कुणी राहत असेल तर ते सांगतं. पण वेलुंजाराला कुठला धीर?

“ताई, विचारायचं काय त्यात? झाड मामाचंच की!”

आणि त्यानं घाव घातलासुद्धा.

ढोलीतून कुणीतरी खोकलं.

तो खोकला मी जन्मभर ऐकला होता. शेवटचा, त्याच पहाटे.

“ताई... मामा...”

“गप्प.”

मी ढोलीत हात घातला. आत त्सिदियाला म्हणतात ती रानातली इवली जनावरं होती, मुठीएवढी, कानांवर केसांचे झुपके असलेली, एकमेकांना बिलगून गोळा झालेली. दगडासारखी गार. थंडीभर ती अशीच निजतात. मेलीच म्हणाल, पण उकाडा सुरू झाला की उठतात. शहरातल्या लोकांना हा प्राणी आहे हेही ठाऊक नाही. आमच्या घराण्यानं मात्र त्याची झोप कधी मोडली नाही, आणि हे मी ताठ मानेनं सांगते.

“चल, दुसरं झाड बघू,” मी म्हणाले.

“एवढं लांब खोड दुसरं नाही. गुडघे मोडून कोंबायचं का मामाला? गाव थुंकेल आपल्यावर!”

“थुंकू दे.”

दुसरं खोड आखूडच निघालं. पेटी कोरून होईपर्यंत दुसरा दिवस कलला. बाबांचं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. म्हातारे कुजबुजू लागले, एकानं बाबांच्या गुडघ्याला हात घातला. मी तो हात झटकला. बाबांच्या कानाशी वाकून झाडाची सगळी हकिकत सांगितली.

मग आम्ही त्यांना उचललं. अंग सैल पडत गेलं... पेटीत ठेवताच बाबा कुशीवर वळले. गुडघे पोटाशी आले, हनुवटी छातीत रुतली. कुणीही त्यांना वळवलं नव्हतं. पायाशी वीतभर जागा उरली.

“श्वास... बघ ना, ताई...” वेलुंजारा पुटपुटला.

मी बघितलं. श्वास नव्हता. माझा ऊर अभिमानानं भरून आला. माझे बाबा होते ते! मेल्यावरही कुणाचं घर मोडून निजले नाहीत.

“झाकण हळू लावा,” मी म्हणाले.

थंडी सरली. पहिल्या उकाड्यात मी मध घेऊन छपराखाली गेले. झाकण बाजूला पडलं होतं, आतून ढकलल्यासारखं. पेटीत कुणीच नव्हतं.

मी तळाशी हात टेकला. लाकूड अजून उबदार होतं.