आत कोणी आहे का?

चहा संपवा आधी. आणि जिन्यातला दिवा राहू दे चालू, नंतर लागेल.

ठके, उद्यापासून तुझी नोकरी सुरू. बाबांचाच विभाग, बाबांचीच खुर्ची. तुझी आई सकाळी म्हणाली, "भावजी, पोरीला चार शब्द सांगा." मला उपदेश जमत नाही. उभा जन्म हॉस्पिटलच्या डार्करूममध्ये फिल्म धुण्यात गेला, तिथं बोलायला असतं कोण? पण एक गोष्ट आहे. तुझ्या बाबांच्या बाबतीत घडलेली. बरीचशी त्यानं मला सांगितली आणि तिचं शेपूट मी या डोळ्यांनी पाहिलं. तुला तो स्वतःच सांगणार होता. गेल्या वर्षी तो गेला आणि राहून गेलं. तुझ्या या भावंडांनाही ऐकू दे. यांना वाटतं, भुतं फक्त पडक्या विहिरीत राहतात.

हिचे बाबा काय करायचे, ठाऊक आहे ना रे तुम्हाला? डॉक्टर नव्हते ते. कॅन्सरच्या रोग्याला किरण किती द्यायचे ते डॉक्टर ठरवतो. मशीन खरंच तेवढेच देतंय का, तिथंच देतंय का, हे बघणारा हा. मेडिकल फिजिसिस्ट. आम्ही त्याला मोजपट्टी म्हणायचो. घरी कपाट आणलं, तर यानं आधी जिना मोजला, मग कपाट मोजलं, मग खात्री म्हणून पुन्हा जिना. तोवर हमाल जेवून आले.

त्याला घडवला तो सरांनी. सर त्याच विभागात शिकवायचे. उंच माणूस, आवाज घोगरा, घशात खडे असल्यासारखा. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं वरचं पेर नव्हतं, लहानपणी दारात सापडून गेलेलं. किरणांच्या त्या खोलीच्या भिंती हातभर जाड, दारातून आत गेलं की एक वळण आणि वळणापलीकडे मशीन. सरांचा दंडक असा, की मशीन ज्यानं चालू करायचं त्यानं स्वतः आत जायचं. पार शेवटच्या भिंतीपर्यंत. तिथं एक बटण होतं, ते दाबल्याशिवाय मशीन चालूच होत नसे. बटण दाबायचं, भिंतीला तळहात लावायचा, मागं वळायचं आणि मोठ्यानं विचारायचं, "आत कोणी आहे का?" मग थांबायचं. उत्तर यायला वेळ द्यायचा.

पोरं तोंड दाबून हसायची. सर म्हणायचे, "रिकाम्या खोलीला विचारायची लाज वाटते? एक दिवस ती रिकामी नसेल, तेव्हा कुणाला तोंड दाखवाल?"

सर वारले. खुर्ची आणि वर्ग, दोन्ही मोजपट्टीकडे आलं. शिकवायचा छान, पोरं जीव टाकायची त्याच्यावर. पण एक गोष्ट त्यानं बदलली. ते आतलं बटण त्यानं काढून दाराशी आणवलं. आळसापोटी नाही हं. बाहेर रोगी ताटकळायचे, हाताखालची माणसं दिवसभर आत-बाहेर करून थकायची, त्याला ते बघवेना. मग काय, दारातून हात घालायचा, बटण दाबायचं, दार लावायचं. विचारणं आपोआपच बंद पडलं.

घरी मात्र चालू होतं. हो, तुझ्याबरोबर. तू पलंगाखाली, पडद्यामागं लपायचीस. तो मुद्दाम घोगरा आवाज काढून विचारायचा, "आत कोणी आहे का?" आणि तू ओरडायचीस, "मी आहे!" विचारल्याशिवाय बाहेर यायचं नाही, हा तुमचा नियम. आठवतं ना? तेवढं आठवतंच.

तर, डिसेंबरचा दुसरा शुक्रवार. रात्रीचे पावणेअकरा. थंडी मी म्हणत होती. दिवसा मशीनचा एक भाग बदललेला, त्यामुळं सगळं नव्यानं मोजल्याशिवाय सकाळचे रोगी घेता येणार नव्हते. तुझी आई बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली. घरी ठेवायला कोणी नाही, म्हणून सहा वर्षांची तू गोधडीत गुंडाळून त्याच्या खांद्यावर. खाली फाटकाशी रखवालदार, बाकी सगळा मजला रिकामा. कंट्रोल रूममधल्या बाकावर त्यानं तुला निजवलं आणि कामाला लागला.

काम साधंच. मशीनचा हात आडवा वळवायचा, तोंड शेवटच्या भिंतीकडे. मध्ये टेबलावर काळ्या पाकिटातली सीलबंद फिल्म उभी करायची. किरण सोडायचे, ते फिल्ममधून आरपार भिंतीवर जाणार. फिल्मवर चौकोन उमटतो, तो बरोबर आहे का बघायचं. त्या भिंतीशी एक ट्रॉली होती, खोकी रचलेली. ट्रॉलीमागचं कॅमेऱ्यात दिसत नसे.

फिल्म लावून तो शेजारच्या खोलीत गेला, हवेचा दाब आणि तापमान बघायला. फार तर पाच मिनिटं. परत आला. बाकावर गोधडी होती. त्यानं दारातून हात घातला, बटण दाबलं, दार लावलं. खुर्चीत बसला. किल्ली फिरवली.

मशीन म्हणालं, दार उघडं आहे.

तो उठून बघून आला. दार बंद होतं, घट्ट. पुन्हा किल्ली. पुन्हा तेच. दार उघडं आहे. तो वैतागला. नवा भाग बसवताना कुठली तार ढिली राहिली असेल, असं त्याला वाटलं. त्यानं दार पुरतं उघडलं, जोरात लावलं, दाराशेजारचं बटण पुन्हा दाबलं. पण आत नाही गेला. तिथवर जाऊनसुद्धा आत नाही गेला, ठके. हे तो मला सांगायचा तेव्हा दर वेळी इथं थांबायचा.

तिसऱ्यांदा किल्ली फिरवली, तेव्हा हिरवा दिवा लागला.

आतला आवाज बाहेर ऐकू यावा म्हणून टेबलावर एक स्पीकर असायचा. मशीनची घरघर त्यातून सतत यायची. इतकी सतत, की कानाला कळायचीसुद्धा नाही.

त्याचं बोट किरण सोडायच्या बटणावर गेलं.

आणि घरघर थांबली.

मशीन चालू होतं. दिवे चालू होते. फक्त आवाज नव्हता…

कॅमेऱ्यात टेबल. फिल्म. ट्रॉली. काही हलत नव्हतं.

मग स्पीकरमधून, अगदी सावकाश… घशात खडे असल्यासारखा…

"आत कोणी आहे का?"

त्याचं बोट तिथंच. उचलेना, दाबवेना.

कोणी बोललं नाही…

आणि मग बारीक, हसरा आवाज.

"मी आहे."

त्यानं बाकाकडे बघितलं. गोधडी होती. सपाट.

तो कसा आत गेला, ते त्याला आठवत नव्हतं. दार उघडलं, वळणावर खांदा फुटला, ट्रॉली ढकलून दिली. तू होतीस. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन. मशीनच्या तोंडासमोर, बरोब्बर समोर. तो दाब बघायला गेला तेव्हा तू उठलीस आणि उघड्या दारातून आत शिरून लपलीस. तो विचारील म्हणून वाट बघत बसलीस. आणि तो विचारतच नव्हता.

त्यानं तुला उचललं. तूच म्हणालीस, "बाबा, किती वेळ लावलात विचारायला!"

"मी नाही विचारलं गं," तो म्हणाला.

"तुम्हीच ना? पण तुमचा घसा बसलाय."

बोला आता.

एक थेंबही किरण सुटले नव्हते, मशीनचा आकडा शून्यावर होता. म्हणून तू आज इथं बसून माझ्या तोंडाकडे बघतेयस. रखवालदाराला वर बोलावून त्यानं तुला त्याच्याजवळ दिलं. काम तर पुरं करायचंच होतं, सकाळी माणसं येणार होती. त्यानं नवी फिल्म लावली. या वेळी शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. तळहात लावला, वळला, विचारलं. बराच वेळ थांबला. कोणी बोललं नाही. बाहेर येऊन किल्ली फिरवली, मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. दाराची तार? दुसऱ्या दिवशी इंजिनिअरनं सगळ्या तारा तपासल्या. एकही ढिली नव्हती.

आता माझं शेपूट. सरांचा आणखी एक नियम होता, की एकदा खोलीत नेलेली फिल्म पुन्हा डब्यात ठेवायची नाही, वापरली असो नसो, धुवायलाच टाकायची. म्हणून सकाळी माझ्या ट्रेमध्ये दोन पाकिटं. दुसऱ्या फिल्मवर काळा चौकोन आला, सुबक, हवा तसा. पहिलीवर किरण पडलेच नव्हते. ती कोरी निघायला हवी. सील मीच फोडलं, माझ्या हातानं.

लाल दिव्यात मला वाटलं, डाग पडलाय. मग ती उजेडात धरली आणि त्याला हाक मारली.

त्यानं खूप वेळ बघितली. मग म्हणाला, "या मशीनच्या किरणांत हाडं इतकी स्वच्छ दिसतच नाहीत रे." विज्ञान सांगितलं त्यानं मला. आणि स्टुलावर बसून लहान मुलासारखा रडला.

दुपारच्या आत ते बटण शेवटच्या भिंतीवर परत गेलं. उद्या बघशील. त्यानंतर त्याच्या वर्गातलं एकही पोर न विचारता बाहेर आलं नाही, आणि एकही हसलं नाही. का विचारायचं, ते मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही.

काय म्हणालीस? फिल्म कुठे आहे?

माझ्याकडे. घरात ठेवायचा त्याला धीर होईना, फाडायचाही होईना. हे घे पाकीट, मघापासून मांडीखाली घेऊन बसलोय. आता ये जिन्यातल्या दिव्यापाशी. कडेला धर, बोटांचे ठसे उमटतात.

दिसतोय? पंजा आहे. बोटं फाकलेली, कुणाला थांबवताना धरतो तसा.

डावा की उजवा? ते नाही सांगता येत, ठके. फिल्म उलटवली की डाव्याचा उजवा होतो, तुला ते मी काय शिकवू. उलट करून बघ. हं… आता पुन्हा सुलट कर. सावकाश.

आता करंगळीशेजारचं बोट बघ. कुठूनही धर. एक पेर कमीच आहे.