देवीचं कार्ड

"चोरी झालीय, ताबडतोब या," असं संग्रहालयाच्या संचालकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा निदान एखादी मूर्ती तरी गेली असेल असं फौजदारांनी धरलं होतं. जाऊन पाहतात तो सगळ्या मूर्ती जागच्या जागी. गेलं होतं एक कार्ड. वीतभर लांबीचं, पुठ्ठ्याचं.

निवृत्तीला सात महिने उरलेल्या माणसाच्या वाट्याला अशीच कामं येतात. त्यात नोंदणीची खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि फौजदारांच्या उजव्या गुडघ्याचा जिन्यांशी उभा दावा.

"एका कार्डासाठी पोलीस?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"साधं कार्ड नाही हो. आमच्या देवीचं आहे."

देवी म्हणजे काळ्या दगडातली महिषासुरमर्दिनी, गुडघ्याएवढी, हजारेक वर्षांची. संग्रहालयाची सगळी मिजास तिच्यावर. तिकिटावरसुद्धा तिचंच चित्र. दोन महिन्यांपूर्वी एका खेड्यातून पत्र आलं होतं. देवी आमची आहे, तीस वर्षांपूर्वी देवळातून चोरीला गेली, परत द्या. संग्रहालयाचं म्हणणं वेगळं. देवी साठ वर्षांपूर्वीच एका हौशी संग्राहकाच्या घरी होती, त्याच्यामागे ती इथे आली. पुरावा म्हणून त्याच्या घरातला जुना फोटो होता. उद्या अकरा वाजता चौकशी समिती बसणार होती. देवी इथे आली त्या दिवशीचं नोंदकार्ड समितीने मागितलं होतं, आणि सकाळी खण उघडला तर कार्ड गायब.

"किल्ली कोणाकडे असते?"

"मावशींकडे. एकोणतीस वर्षं फक्त त्यांच्याकडेच." संचालकांनी आवाज खाली आणला. "कुलूप शाबूत आहे. गाववाल्यांना फितूर झाल्या असणार, दुसरं काय! उद्यापर्यंत कार्ड मिळालं नाही तर त्यांना काढून टाकायचा हुकूम तयार आहे. माझी फक्त सही राहिलीय."

सगळं संग्रहालय ज्यांना मावशी म्हणायचं त्या नोंदणीवाल्या बाई खोलीत टेबलापाशी बसल्या होत्या. रडून झालं होतं. टेबलावर चहाचा थर्मास, एक त्यांची खुर्ची, कपाटाशेजारी दुसरी. तिच्यावर विणलेल्या खोळीची उशी.

"काल या खोलीत कोण कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"या आठवड्यात?"

"कोणी नाही, साहेब. बाहेरच्या माणसाला वहीत सही करावी लागते. बघा ना वही."

वही पंधरा दिवस कोरी होती.

"कार्ड काढतात कसं?"

मावशींनी खण ओढला. कार्डांच्या खालच्या भोकांतून लोखंडी सळई गेली होती. "हिचा मागचा स्क्रू उलटा फिरतो. कपाट करून घेतानाच सरांनी ती युक्ती केली. ठाऊक नसलेला माणूस सळई वाकवेल, पण कार्ड निघणार नाही."

सळई सरळ होती.

"म्हणजे काम माहीतगाराचं."

"म्हणजे माझंच, असं सगळे म्हणतात." मावशींनी पदराने डोळे पुसले. "अकरा हजार कार्डं लिहिली या हातांनी. चुकलं तर खाली दुरुस्ती लिहायची, कार्ड फाडायचं नाही, ही सरांची शिकवण. एक फाडलं नाही कधी. आणि आता जाताना चोर म्हणवून घेऊन जाऊ?"

फौजदारांनी खण आत ढकलला.

"देवीच्या कार्डावर काय होतं?"

"तारीख, मापं, मूर्तीची अवस्था. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यातली नोंद. सरांनी टेप धरली होती, मी लिहीत होते. आकडे कुठले आठवायला!"

इतक्यात दार ढकलून एक काटकुळे म्हातारे गृहस्थ आत आले. खांद्याला कापडी पिशवी. सरळ उशीच्या खुर्चीत जाऊन बसले. मावशींनी न विचारताच थर्मासमधला चहा ओतून त्यांच्यापुढे ठेवला. हेच सर, संग्रहालयाचे पूर्वीचे प्रमुख. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती.

"हिला त्रास देऊ नका, साहेब," सर म्हणाले. "कार्ड असेल इकडेतिकडे. आठ दिवसांत सगळं निवळेल."

"समिती उद्या आहे, सर."

सरांनी चहात फुंकर मारली.

देवीला उद्यासाठी धुऊनपुसून घ्यायला तळमजल्यावर मिस्त्रींच्या कार्यशाळेत नेलं होतं. दारातच फौजदारांचा अंगठा एका दगडावर आपटला आणि त्यांच्या तोंडून शिवी निघाली. दार मिटू नये म्हणून लावलेला, अर्ध्या विटेएवढा काळा दगड.

"सगळ्यांना लागतो तो," मिस्त्री हसून म्हणाले. "माझ्याइतकाच जुना आहे इथे."

फौजदार अंगठा चोळायला वाकले. दगडाच्या बाजूंवर छिन्नीचे घाव होते आणि एका टोकाला चुन्याची पांढरी खपली.

"देवी जरा आडवी करा, मिस्त्री."

मिस्त्रींनी तिला हलकेच गादीवर निजवलं. पाठ छिन्नीने ओबडधोबड सोडलेली. तळ मात्र पाटासारखा सपाट, त्यावर बारीक सरळ रेघा. फौजदारांनी संचालकांकडून घेतलेला फोटो खिशातून काढला. फोटोत देवी खिडकीपाशी, झालर लावलेल्या रुमालावर, टेबलावर ऐटीत उभी होती. मग त्यांनी गाववाल्यांचं पत्र पुन्हा वाचलं. शेवटी एक ओळ होती. 'देवीच्या कोनाड्यात खाली चौकोनी खाच आहे. तिच्यात आम्ही आता दिवा ठेवतो.'

ते स्टुलावर बसले. गुडघा ठणकत होता. उत्तर सापडलं होतं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नव्हतं.

चार वाजता त्यांनी सगळ्यांना नोंदणीच्या खोलीत बोलावलं. संचालक घड्याळ बघत उभे, मिस्त्री दारात, मावशी आणि सर आपापल्या खुर्चीत. फौजदारांनी पिशवीतून काळा दगड काढून टेबलावर ठेवला.

"हा देवीचा खुंटा. अशी मूर्ती कोनाड्यात बसवताना तळाचा खुंटा खाचेत रोवतात आणि चुना भरतात. तो चुना अजून याला चिकटलेला आहे. गाववाल्यांची खाच याचीच."

"हा दगड मिळाला कुठे?" संचालकांनी विचारलं.

"तुमच्याच कार्यशाळेच्या दारात. सांगा, मिस्त्री."

मिस्त्रींनी मान खाली घातली. "देवी आली तेव्हा खुंटा होता. उभी राहीना. यंत्राच्या करवतीने काप, म्हणून सांगितलं. मी कापला. दगड चांगला होता, दाराला लावला."

"फोटोत देवी टेबलावर उभी आहे," फौजदार म्हणाले. "खुंट्यासकट ती टेबलावर उभी राहणं शक्यच नव्हतं. म्हणजे फोटो साठ वर्षांपूर्वीचा नाही. खुंटा इथे कापला, त्यानंतरचा आहे. देवी संग्राहकाच्या घरात कधी नव्हतीच. ही बनवाबनवी पकडून देणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे कार्ड. त्यावर मापं खुंट्यासकट लिहिलेली असणार. समितीने कार्ड आणि मूर्ती शेजारी ठेवली असती तर संपलंच असतं. त्यामुळे कार्ड नाहीसं करण्यात गाववाल्यांचा फायदा नव्हता. ज्याने फोटो बनवला त्याचाच होता."

"पण स्क्रूची युक्ती मावशींनाच माहीत," संचालक म्हणाले.

"आणि ज्याने ती केली त्याला. मावशी, ही दुसरी खुर्ची कोणाची?"

"सरांची."

"काल ते बसले होते इथे?"

"रोजच बसतात. मी खण उघडा टाकून खाली डाक आणायला गेले तरी बसलेले असतात. पण सर म्हणजे काय कोणी बाहेरचे..."

मावशींची नजर कोऱ्या वहीकडे गेली.

"मिस्त्री, खुंटा कापायला कोणी सांगितलं होतं?"

"सरांनी."

सरांनी कप खाली ठेवला. वाद घातला नाही. कापडी पिशवीतून दोन पुठ्ठे काढले. मधलं कार्ड कुठे दुमडलेलंसुद्धा नव्हतं.

"एक दलाल घेऊन आला होता," ते म्हणाले. "चार भांडी आणि दोन नाणी, एवढंच होतं या संग्रहालयात. लोक फिरकत नव्हते. मला एक तरी अशी मूर्ती हवी होती. फोटोही मीच बनवून घेतला."

"चोरीची आहे हे माहीत होतं?"

"मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ठेवून घेता आली नसती."

मावशींनी कार्ड हातात घेतलं. त्यांचंच कोवळं अक्षर. 'उंची एकोणसत्तर सेंटिमीटर, तळाचा खुंटा धरून.' खालच्या दालनातल्या पाटीवर सत्तावन्न लिहिलं होतं. इतकी वर्षं दोन्ही आकडे एका घरात नांदले आणि कोणी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

"सकाळी हे सगळे मला चोर म्हणत होते," मावशी म्हणाल्या. "आणि तुम्ही इथे बसून माझ्या हातचा चहा प्यायलात."

त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"फाडलं का नाही?"

"दोनदा हातात घेतलं," सर म्हणाले. "फाडता येईना."

संचालकांनी खिशातला हुकूम काढून गुपचूप चार तुकडे केले. फौजदारांना समाधान वाटायला हवं होतं. वाटला तो नुसता शीण. पुढचा जबाब, पुढचे कागद, आणि एका म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून उतरवायचे दोन जिने.

मावशींनी स्क्रू उलटा फिरवला, कार्ड सळईत ओवलं आणि खणाला कुलूप लावलं. मग कोरी वही उचलून सरांपुढे उघडली.

"सही करा, सर."

"मी?"

"बाहेरच्या माणसाला करावी लागते."

सरांनी वरचा खिसा चाचपला, मग पिशवी. पेन नव्हतं. मावशींचं पेन वहीशेजारीच पडलं होतं. मावशींनी ते उचलून आपल्या मुठीत धरलं.

शेवटी फौजदारांनी आपलं दिलं.