उलट्या माणसाचं माप

वाणगाव स्टेशनबाहेरच्या बाजारात निलमचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं आणि पाटीवरचा 'फक्त' हा शब्द तिने मुद्दाम लाल रंगात रंगवून घेतला होता. तरीही दोन हजार सतरा सालच्या भाद्रपदात, भर दुपारी, एक पुरुष दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. पावसाची रिपरिप चालू होती. छत्री होती त्याच्याकडे, पण ती त्याने डोक्यावर धरली नव्हती — काखेतल्या कापडाच्या गठ्ठ्यावर धरली होती. गठ्ठा कोरडा ठणठणीत आणि माणूस चिंब!

निलमने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो मात्र तिच्या मशीनकडे टक लावून पाहत होता. हा जरा अपमानच झाला.

"ताई, हे कापड एवढं ताणतंय... तरी टाका तुटत कसा नाही?"

"ताई म्हणजे रूपीताई, माझ्या जोडीला शिवते ती. आत कडा शिवायच्या इंटरलॉक मशीनवर बसलीय. मी निलम. आणि इथं पुरुषांचं शिवत नाही."

"मी नुसतं विचारतोय."

"विचारायला येतानाही पाटी वाचून यायचं असतं."

तो हसला. हसताना त्याच्या नाकावरून पाण्याचा थेंब ओघळला आणि तो त्याने पुसलाही नाही, कारण दोन्ही हात गठ्ठा सांभाळण्यात गुंतले होते. निलमला उगाचच टॉवेल द्यावासा वाटला. दिला नाही.

त्याचं नाव नविन. डहाणूच्या एका कॉलेजात मुलांना जिम्नॅस्टिक शिकवायचा. मूळ गाव तलासरीच्या डोंगराकडलं, नागली-भाताच्या शेतीचं. लहानपणी भाताच्या भाऱ्यांच्या उडवीवरून कोलांट्या मारता मारता तो कोच कसा झाला, ही गोष्ट त्याने पुढे तिला तीनदा सांगितली आणि तिने तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवलं. पण ते नंतर.

"सहा पॅन्ट पाहिजेत," तो म्हणाला. "पांढऱ्या, अंगाला घट्ट, तळपायाखालून पट्टा. स्पर्धेत हा ड्रेस नसला तर पोरांना उतरू देत नाहीत. कापड वापीहून आणलं. पण डहाणूतले सगळे टेलर म्हणतात, असलं ताणणारं कापड बायकांच्याच टेलरकडे न्या."

"पुढच्या आठवड्यापासून गरब्याच्या चनिया-चोळ्या यायच्यात माझ्याकडे."

"घे गं!" आतून रूपीताई ओरडली. "या आठवड्यात माश्याच मारतेस ना!"

निलमने आत बघून डोळे वटारले आणि गठ्ठा ठेवून घेतला.

मापं त्याने कॉलेजातूनच लिहून आणली होती. निलमने चार दिवसांत सहा पॅन्ट शिवल्या. पाचव्या दिवशी तो सहाही परत घेऊन आला.

"फाटल्या," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सगळ्या... एकाच ठिकाणी."

कुठल्या ठिकाणी ते त्याने सांगितलं नाही, नुसती एक पॅन्ट पसरून धरली. आत रूपीताई तोंडात पदर कोंबून हसत होती. निलमचा मात्र पारा चढला. तिची शिलाई आजवर फाटली नव्हती.

"मापं कशी घेतली होती तुम्ही?"

"सगळ्यांना ओळीत उभं केलं. सावधान म्हटलं. आणि घेतली."

"आणि ही पोरं बारवर सावधान उभी राहतात?"

"नाही, तिथं उलटी असतात. पाय असे... दोन बाजूंना..." त्याने हातांनी दाखवलं आणि मधेच थांबला. त्याचे कान लाल झाले.

"मग माप उलटं नको घ्यायला? इथं पोरं नाहीत. तुम्ही व्हा उलटे."

"इथं?"

"पायरीवर पाऊस आहे. इथंच."

नविनने शर्ट ट्रॅकपॅन्टमध्ये खोचला, टांगलेले ब्लाउज बाजूला सारले आणि बघता बघता हातांवर उभा राहिला. खिशातली शिट्टी टणकन खाली पडली. आता त्याचे पाय निलमच्या डोक्याच्याही वर आणि चेहरा तिच्या चपलांपाशी. निलम टेप घेऊन स्टुलावर चढली. इतकी वर्षं मापं घेतली, पण आज कंबर खाली की वर, हेच तिला क्षणभर कळेना.

"किती वेळ राहाल असे?"

"तुम्ही म्हणाल तितका."

"बोलू नका. पोट हलतं."

"बरं."

"बरंसुद्धा नाही!"

खालून हसू दाबल्याचा आवाज आला. निलमने पोटरीचं माप दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा गरज नव्हती. मग त्याने पाय दोन बाजूंना सरळ पसरले आणि तिने मांडीजवळ टेप लावून वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिलं. चार इंचांचा फरक!

"सलवारीला मधे चौकोनी जोड देतात, तसा द्यावा लागेल," ती म्हणाली. "उतरा आता. चेहरा वांग्यासारखा झालाय."

"म्हणजे माझ्या चेहऱ्याकडेही बघता तुम्ही," तो सुलटा होत म्हणाला आणि निलम घाईघाईने वहीत आकडे लिहायला लागली.

मग तो एक-दोन दिवसांआड यायला लागला. कधी पट्ट्याचं निमित्त, कधी घोलवडच्या चिकूंची पिशवी. त्याची पोरं तिला नावानिशी पाठ झाली — काकड्याचे गुडघे वाकतात, तुक्या उतरताना जीभ बाहेर काढतो. आणि एका दुपारी, चिकू सोलता सोलता, तो सहज बोलून गेला:

"पुण्याच्या एका अकादमीची माणसं येणार आहेत स्पर्धेला. टीम पहिल्या तीनांत आली तर मला तिथं कायमची जागा. इथं कंत्राटच आहे. दर जूनला पुढचं वर्ष मिळतंय का, याची वाट बघायची."

"चांगलंच आहे की," निलम म्हणाली. सोललेला चिकू तिने न खाताच बाजूला ठेवला.

तो गेल्यावर ती मशीनपुढे बसली. म्हणजे आपण चांगलं शिवलं, तर हा माणूस जाणार! तो तिला आवडला होता. फार आवडला होता. हे आता निदान स्वतःपासून लपवण्यात अर्थ नव्हता. समोर काकड्याची पॅन्ट होती. मधली शिवण एकेरीच ठेवली तर... कोणाला कळणार होतं?

तिने दोऱ्याचं रीळ बदललं, मजबूत दोरा ओवला आणि सहाही पॅन्टना दुहेरी शिलाई मारली. रडू येत होतं म्हणून शेवटची शिवण जरा वाकडी आली. ती उसवून तिने पुन्हा घातली.

स्पर्धेच्या दिवशी दुकानात चनिया-चोळ्यांचे ढीग होते. दुपारी फोन वाजला. पलीकडे नुसता कल्ला.

"टिकली!" नविन ओरडत होता. "शिवण टिकली! तिसरे आलो, निलम! काकड्याचे गुडघेसुद्धा सरळ राहिले!"

'निलम' म्हणाला होता तो. नुसतं निलम. तिने खूप आनंद झाल्याचं सांगितलं आणि तो खरंच झाला होता. मग आरसे लावलेल्या एका चनियात तोंड खुपसून ती रडली. रूपीताईने त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही.

आठवड्याने तो आला. हातात पुण्याचं पत्र होतं, पण चेहऱ्यावर आनंद काही दिसेना.

"सोमवारपर्यंत कळवायचंय."

"मग कळवा. पोरांचं काय?"

"काकड्याचं हे शेवटचं वर्ष. तो धाकट्यांना शिकवेल, माझ्यापेक्षा कडक आहे. पण..." तो घुटमळला. ज्या माणसाला उलटं उभं राहायला विचार करावा लागत नाही, त्याला सुलटं उभं राहून चार शब्द जमत नव्हते. "तुम्ही थांब म्हणालात... तर मी थांबतो."

निलमने कात्री खाली ठेवली.

"हे बरंय! म्हणजे उद्या वाटलं, पुण्याला गेलो असतो तर — की दोष माझा. मी नाही म्हणणार थांबा."

त्याचा चेहरा उतरला. त्याने पत्राची घडी घालायला घेतली.

"जा तुम्ही," ती म्हणाली. आता ती थांबणार नव्हती. "पण एकटे जायचं नाही. तुम्ही आवडता मला. त्या पॅन्ट मी पक्क्या शिवल्या, त्या काय तुम्हाला दुसरीकडे पाठवून इथं रडत बसायला? पुण्यात बायका कपडे घालत नाहीत का? माझं मशीन कुठंही चालतं."

नविनने पत्र खिशात कोंबलं. मग त्याने तिचा हात हातात घेतला, दोन्ही हातांनी. बार धरून धरून घट्टे पडलेले हात ते — खरखरीत आणि गरम.

"मी हेच विचारायला आलो होतो," तो म्हणाला. "स्टेशनपासून इथवर चारदा घोकलं... आणि तोंडातून भलतंच निघालं."

"तरी मी म्हटलं!" तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "आता घरी येऊन नीट विचारायचं. माझे वडील रविवारी सकाळी मिरचीच्या वाफ्यात असतात. सोबत तुमच्या आईवडिलांना आणा, आणि घोकून या."

"म्हणजे... हो ना?"

"हो."

आत खडखडत असलेलं मशीन थांबलं.

"कुठंही जा," रूपीताई डोळे पुसत दारात आली, "पण इंटरलॉक मी देणार नाही. ते इथंच राहील."